बक्षीस घरात नको

वाघोली, पुणे
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

चि. नीरजास अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सअॅपवर माझ्या निरोपापुढे एकच खूण येऊन थांबते. तिचा अर्थ काय, हे समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीने मला फार हळुवारपणे समजावून सांगितलं. पोस्टमन अजून तरी कुणाला ब्लॉक करत नाही, म्हणून हा मार्ग धरला. बडोद्याचा पत्ता तुझ्या आईच्या डायरीत सापडला. पिनकोड चुकला असेल तर दोष तिचा.

इकडे सगळं व्यवस्थित आहे. टँकर येतो तेव्हा पाणी असतं. रोज सकाळी नगर रस्त्यापर्यंत चालत जातो, ट्रॅफिक बघतो आणि परत येतो. स्वतःला कुठे जायचं नसलं की ट्रॅफिक फार करमणुकीची गोष्ट आहे. डबा लावलाय. डबा देणाऱ्या आनंदीबाई पोळ्या उत्तम करतात, पण आमटीत गूळ घालणं त्यांना पाप वाटतं. मी एकदा सुचवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याबरोबर गुळाचा खडा वेगळा पाठवला. तेव्हापासून मी सूचना बंद केल्या आहेत. दिवाळीत समोरच्यांनी गुजिया दिल्या. ते लखनौचे. मी त्यांना चितळ्यांची बाकरवडी दिली आणि ती आमच्या घरी केलेली नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

आईची कॉट अजून आहे तिथेच आहे. हलवायला दोन माणसं लागतात.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात ऋषी नावाचा एक तरुण आला होता. खराडीत कुठल्याशा कंपनीत आहे आणि फावल्या वेळात व्हिडिओ गेमचा इतिहास गोळा करतो. असा काही इतिहास असतो हे मला माहीत नव्हतं. त्याला रद्दीवाल्याकडच्या जुन्या मासिकात आपल्या दुकानाचं हँडबिल सापडलं. कुणीतरी खूण म्हणून घातलं असणार. "नीरजा व्हिडिओ गेम्स, सदाशिव पेठ. भव्य खुली स्पर्धा, मे १९९२. प्रथम बक्षीस गिअरची सायकल, द्वितीय मनगटी घड्याळ, तृतीय क्रिकेटची बॅट." आणि खाली मी छापायला लावलेली ओळ: "बक्षिसं खरी आहेत. सायकल दुकानात टांगली आहे, खात्री करून घ्यावी. हात लावू नये."

ही ओळ वाचून तो पोरगा इतका हसला की मला राग यायला हवा होता. आला नाही. घरात कुणी हसण्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला.

त्याने मला बरंच काही सांगितलं. अमेरिकेत म्हणे १९८० साली हजारो लोकांनी भाग घेतलेली अशी स्पर्धा झाली होती. आपल्याकडेही तेव्हाच्या पार्लरवाल्यांनी लहानमोठ्या स्पर्धा घेतल्या, खरी बक्षिसं दिली, पण कुणी काही जपून ठेवलं नाही. त्याच्या मते मी पुण्यातल्या त्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक आहे. मी म्हटलं, बाबा रे, रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालेना म्हणून चार मशीनं आणून बसलो होतो, त्याला एवढं मोठं नाव देऊ नकोस. पण तो वहीत लिहून घेत होता. मग मीही बोलत सुटलो.

नियम कसे होते ते त्याने विचारलं. ते मला अजून पाठ आहेत. तीन आठवडे प्राथमिक फेरी, शेवटच्या रविवारी आठ जणांची अंतिम फेरी. प्रत्येकाला एकच डाव. बंद झालं की मशीन सगळे आकडे विसरायचं, म्हणून डाव संपल्यावर पडद्यावरचा आकडा मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आणि खडूने फळ्यावर लिहायचा. मालकाने लिहिला तोच आकडा खरा. वीज गेली तर डाव बाद, पुन्हा संधी नाही. प्राथमिक फेरीत एका पोराचा डाव असाच बाद झाला होता. तो रडला होता आणि मी बधलो नव्हतो.

तू त्या आठांत होतीस. तुला सगळं आठवत असेलच. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. फॉर्म तू मला न विचारता भरलास आणि गल्ल्यावर इतर मुलांच्या फॉर्ममध्ये सरकवून ठेवलास. विमानांच्या गेमवर तुझा हात फिरायला लागला की मोठी मोठी पोरं मागे उभी राहून गप्प बघायची.

आणि मग अंतिम फेरीत तुझ्या डावाच्या मध्येच लाइट गेली. आपली फेज गेली. नियमाप्रमाणे तुझा डाव बाद झाला आणि सायकल खराडीच्या सूरजला मिळाली. हे तुला माहीत आहे. पुन्हा कशाला लिहितोय कोण जाणे.

तर १४ डिसेंबरला, रविवारी, खराडीत एका मोठ्या हॉलमध्ये आजच्या पोरांची स्पर्धा आहे. तिथे ऋषी जुन्या दिवसांचं छोटंसं प्रदर्शन मांडणार आहे आणि माझा सत्कार करणार आहे. शाल, नारळ वगैरे. नको म्हटलं, पण फार जोर लावून म्हटलं नाही. दुकानाला तुझं नाव होतं, तर तू आलीस तर त्यांना बरं वाटेल. बडोद्याहून गाड्या भरपूर आहेत. नाही जमलं तरी हरकत नाही.

आईच्या तेराव्याला संध्याकाळी तू बॅग घेऊन गेलीस, त्यानंतर बोलणं नाही. काय बिनसलं ते मला नीटसं उमगलेलं नाही. असो.

जावईबापूंना नमस्कार, संस्कृतीला आशीर्वाद. ती कॉलेजात काय शिकते आहे ते कळवलंस तर बरं होईल. समोरच्यांनी विचारलं तेव्हा मी इंजिनिअरिंग म्हणून टाकलं.

तुझे,
बाबा


वाघोली, पुणे
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

चि. नीरजास आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. मागचं स्पीड पोस्टचं पाकीट सात तारखेलाच पोचल्याचं समोरच्या मुलीने मोबाइलवर बघून सांगितलं. म्हणजे ते तुझ्या घरात आहे. तेवढं पुरे, असं मी तिला म्हणालो. ती मला "अंकल, आंटी को फोन लगाऊँ?" म्हणून विचारत होती. तिची आंटी म्हणजे तू. मी नको म्हटलं.

थंडी पडायला लागली आहे. स्वेटर तुझ्या आईने कुठे ठेवलेत ते दोन दिवस शोधत होतो. शेवटी कॉटखालच्या पेटीत सापडले. प्रत्येकात डांबराच्या गोळ्या आणि एक एक चिठ्ठी, कुठला स्वेटर कुणाचा त्याची. तुझ्याही नावाचा एक आहे, राखाडी. पाठवू का?

काल सूरज येऊन गेला. ऋषीने त्याला शोधून काढलं. त्याच्या वडिलांच्या ज्वारीच्या शेतावर आता काचेची इमारत आहे आणि उरलेल्या तुकड्यावर तो झाडांची नर्सरी चालवतो. मोठा झालाय, म्हणजे म्हाताराच झालाय, तुझ्याच वयाचा. (रागावू नकोस.) दारात वाकून पाया पडला.

"काका, वळाकलं का?"

मी म्हटलं, हात बघू. अंगठ्यावरचा व्रण दिसला. बटण दाबून दाबून फोड आला होता आणि त्यावर पट्टी लावून तो अंतिम फेरी खेळला होता. मग ओळख पटली.

येताना त्याने मोगऱ्याचं रोप आणलं होतं. मी चहा केला. आता चहा चांगला जमतो. तो त्या सायकलीबद्दल बोलत होता. तोवर त्यांच्या घरात शाळेच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. सायकल मिळाली म्हणून वडील त्याला शहरातल्या कॉलेजात पाठवायला तयार झाले. खराडी ते डेक्कन, रोज, दोन वर्षं. "गिअर पयल्या म्हैन्यातच मोडला," म्हणाला, "पण सायकल लई चालली." मला आनंद झाला. आपल्या हातून कुणाचं तरी भलं झालं, असं म्हणण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही.

मग तो म्हणाला, "काका, त्या कार्यक्रमात माझं नाव नगा घेऊ. नीरजाताईचं घ्या."

"का रे? जिंकलास तू."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, गिरण चालू हुती."

आपल्या दुकानाला लागून पिठाची गिरण होती, आठवतंय ना? मी त्याला सांगितलं की गिरणीला थ्री फेज असते, आपल्याला एकच फेज होती, एक गेली की दुसरीकडे चालू राहतं. तेहतीस वर्षांपूर्वी मी हेच सांगितलं होतं, ह्याच शब्दांत. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मी माठापाशी हुतो. मागच्या कापडाच्या पडद्यामागं. पाणी प्यायला गेल्तो. तुमचा हात दिसला मला."

नीरजा, मी इथे दोन ओळी लिहून खोडल्या आहेत. कागद बदलणार नाही, बदलला तर मी हे पुन्हा लिहिणार नाही.

हो. लाइट गेली नव्हती. मीटरच्या फळीवरचा मेन स्विच मी खाली ओढला.

का, ते सांगतो. समर्थन म्हणून नाही. खरं म्हणजे समर्थनच आहे, पण ऐक. दुकानाविरुद्ध पेठेत आधीच कुजबुज होती. पोरं बिघडतात, हा जुगार आहे, असं म्हणत एक निवृत्त मास्तर चौकीत जाऊन आले होते आणि हवालदार येऊन सायकल बघून गेला होता. म्हणून मी सगळं काटेकोर ठेवलं. अंतिम फेरीला गर्दी रस्त्यापर्यंत होती. सूरजचा आकडा फळ्यावर सगळ्यात वर होता आणि शेवटचा डाव तुझा. तू त्याच्या आकड्याच्या पुढे निघालीस तेव्हा मागून एका पोराचे वडील म्हणाले, "चला, बक्षीस बाहेर नेण्याचा त्रास तरी वाचला." सगळे हसले. दुसरा म्हणाला, "पाटी वाचा की, नीरजा व्हिडिओ गेम्स. सायकलवर नावसुद्धा घालायला नको."

माझे कान तापले. मी आयुष्यात एकच गोष्ट जपली होती, कुणी माझ्याकडे बोट दाखवू नये. वर बघितलं तर तुझं नाव असलेली पाटी, आणि समोर तू, जिंकत असलेली. मी पडद्यामागे गेलो. विचार वगैरे काही केला नाही. हात वर गेला आणि स्विच खाली आला.

पंखा थांबला, पडदा काळा झाला, पोरांनी आरडाओरडा केला. मी बाहेर येऊन म्हणालो, फेज गेली वाटतं. गिरण शेजारी घरघरत होती आणि तिथे उभ्या असलेल्या साठ माणसांपैकी एकालाही ती ऐकू आली नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. तू मात्र भिंतीकडे वळून बघितलं होतंस. हे मी तेव्हा पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं ठरवलं होतं.

परक्याच्या मुलावर अन्याय नको म्हणून केलं, असं मी तुझ्या आईला सांगणार होतो. तिने विचारलंच नाही. मला ताट वाढून दिलं आणि स्वतः तुझ्यापाशी जाऊन बसली. जेवताना मी एकटाच होतो. ताटावर असं एकट्याने बसणं तेव्हा पहिल्यांदा झालं.

सूरज जाताना म्हणाला, "मला कळलं हुतं, तरी सायकल घेतली मी. मला बी पायजे हुती ना." एवढा मोठा माणूस, डोळे पुसत होता. मी त्याला म्हटलं, तू पंधरा वर्षांचा होतास, मी बेचाळीसचा होतो. तुझी चूक नाही. तो गेल्यावर मला कळेना की हे मी त्याला कसं चटकन म्हणू शकलो.

हे लिहिल्यावर हलकं वाटेल अशी अपेक्षा होती. तसं काही झालेलं नाही. फक्त भीती वाटतेय की तू हे पाकीट न फोडताच ठेवून देशील.

चौदा तारखेचं तू ठरव. मी जाणार आहे.

बाबा


वाघोली, पुणे
सोमवार, १५ डिसेंबर २०२५, सकाळ

नीरजा,

काल तू नव्हतीस. मी दारापाशीच्या खुर्चीवर बसलो होतो. ऋषी तीनदा पुढे बसायला सांगून गेला, मी म्हटलं इथे वारा येतो. एसी हॉलमध्ये.

हॉल बघून मी चकित झालो. शंभर-सव्वाशे पोरं कानाला हेडफोन लावून ओळीने बसलेली, समोर भिंतीएवढे पडदे, आणि एक जण क्रिकेटच्या समालोचनासारखा हिंदी-इंग्रजीत ओरडतोय. घरी जाऊन आईबापांना सांगण्यासारखी गोष्ट झालीय आता ही. अर्धे आईबाप तर तिथेच होते, खायचे डबे घेऊन. आमच्या वेळी पोरं क्लास बुडवून, वही शर्टाच्या आत लपवून यायची.

कोपऱ्यात ऋषीचं प्रदर्शन होतं. एक जुनं मशीन, दोन-चार फोटो, आपलं हँडबिल काचेत. त्याखाली फलक: "१९९२, सदाशिव पेठ. विजेता: सूरज." मी त्याला आधी काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं. चार ओळी कागदावर लिहून खिशात ठेवल्या होत्या.

मला आणि सूरजला वर बोलावलं. शाल घातली. नारळ हातात असल्यामुळे कागद काढता येईना, म्हणून तसाच बोललो. "ही स्पर्धा सूरजने जिंकली नाही. माझ्या मुलीने जिंकली असती. नीरजा तिचं नाव. ती जिंकू नये म्हणून मी मेन स्विच बंद केला आणि लाइट गेली असं खोटं सांगितलं."

तर ऋषी खळखळून हसला आणि माइकमध्ये म्हणाला, "काका तो लेजंड निकले! सीधा पॉवर कट!" आणि सगळा हॉल हसला. टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. त्यांना तो विनोद वाटला. म्हातारा माणूस गंमत सांगतोय म्हणून प्रेमाने हसत होते, वाईट नव्हती पोरं. मी तिथे शाल घालून उभा होतो. सूरजने माइक घेतला आणि म्हणाला, "खरं हाय त्ये. हसू नका." तोवर पुढचा सामना सुरू व्हायची शिट्टी झाली आणि सगळे आपापल्या पडद्यांकडे वळले.

तेहतीस वर्षांनी खरं बोललो आणि त्याला लागलं अर्धं मिनिट.

खाली उतरल्यावर एक मुलगी आली. वैष्णवी, अकरावीत आहे, वाघोलीचीच. खेळणाऱ्यांत दोनच मुली होत्या, त्यांतली एक. ती हसली नव्हती. तिने विचारलं, "आजोबा, मग त्या पुन्हा खेळल्या का? नंतर कधी?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. त्यानंतर तू दुकानात खेळायला आली नाहीस, एवढं माहीत आहे. माझा डबा घेऊन यायचीस, गल्ल्यावर ठेवायचीस आणि मशीनांकडे न बघता आल्या पावली परत जायचीस. दुकान बंद करेपर्यंत, पाच वर्षं. पण पुण्याबाहेर, होस्टेलवर, नोकरीत, संस्कृतीबरोबर, कधी खेळलीस का? आवडतं का अजून? मी तुला विचारलंच नाही. मी त्या मुलीला म्हटलं, विचारून सांगतो. तिने खरोखरच माझा नंबर घेतला.

मग ऋषी आला, खजील होऊन. सूरजने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. फलक दुरुस्त करतो म्हणाला, मार्कर घेऊनच आला होता. सूरजचं नाव खोडलं, तुझं लिहिलं. मग मला विचारलं, "काका, स्कोअर काय लिहू?"

आता जे लिहितोय त्यासाठी ही तीन पत्रं झाली, नीरजा. आधीचं सगळं त्यामानाने सोपं होतं.

त्या दिवशी पोरं पांगल्यावर तू फळ्यापाशी आलीस. रडत नव्हतीस. तू म्हणालीस, "बाबा, डाव बाद तर बाद. पण माझा आकडा तुम्ही पाहिला होता ना?" तुला सायकल नको होती. फळ्यावर नाव नको होतं. मी पाहिला होता एवढंच हवं होतं. आणि मी डस्टर झटकत म्हणालो, "नाही. मी फॉर्म चाळत होतो."

मी पाहिला होता. एक लाख अठ्ठेचाळीस हजार दोनशे साठ. सूरजचा एक लाख बारा हजार चारशे. तुझी आणखी एक लाइफ शिल्लक होती. पडद्यामागे जायच्या आधी मी पूर्ण पाहिला, आणि पाहताना मला इतका अभिमान वाटला की तोंडावर हसू फुटलं. ते हसू कुणाला दिसू नये म्हणूनही मी आत गेलो असेन. ऋषीला आकडा सांगताना मला क्षणभरही आठवावं लागलं नाही.

मग काल घरी येऊन बसलो आणि आईचं तेरावं डोळ्यांपुढे आलं.

त्या दिवशी मी सगळ्यांसमोर हात जोडून आभार मानले. डॉक्टरांचे, शेजाऱ्यांचे, रक्त द्यायला आलेल्या भाच्याचे. लिफ्ट बंद असताना आईला खुर्चीतून खाली उतरवणाऱ्या वॉचमनचे तर नाव घेऊन, साईनाथचे. बिनपगारी रजा टाकून सात महिने तू इथे राहिलीस. तिची अंघोळ, तिची औषधं, तिचं रात्रीचं कण्हणं, सगळं तू काढलंस. माझंही जेवणखाण बघितलंस. तुझं नाव मी घेतलं नाही. आपल्याच माणसाचे चारचौघांत आभार कसे मानायचे, लोक म्हणतील बघा मुलीचं कौतुक चाललंय. तेच, नीरजा. तोच हात, तोच स्विच.

तू बॅग भरलीस आणि दारात म्हणालीस, "बाबा, साईनाथचे आभार मानलेत ते बरं केलंत." आणि मला, इतका तिरकस बोलणारा माणूस मी, मला वाटलं की तू मला शाबासकी देते आहेस. दोन महिने मी लोकांना सांगत होतो, मुलीलासुद्धा आवडलं म्हणून.

मी तुला कुणासमोर कधी चांगलं म्हटलं नाही. दहावीला तू शाळेत पहिली आलीस तेव्हा पेढे देताना मी "पेपर सोपे होते" म्हणालो. तुझ्या लग्नात व्याह्यांना "हिला स्वयंपाक जमत नाही" म्हणालो. हा प्रामाणिकपणा आहे असं वाटायचं मला. बाहेरच्या प्रत्येकाला त्याचं माप नीट भरून दिलं आणि तुझ्या मापाला दर वेळी हात आखडला, कारण तू घरची होतीस, तू कुठे जाणार होतीस.

तू गेलीस. बरोबर केलंस.

तुझ्या आईचं तू जे केलंस ते मी पाहिलं. तिला ताप चढला की तू कपाळाला कपाळ लावून बसायचीस, ते मी दारातून पाहायचो. शेवटच्या आठवड्यात तिने मला ओळखलं नाही, पण तुला हाक मारली. तेही पाहिलं आणि मत्सर वाटला. तुझ्यासारखी मुलगी मला मिळाली, हे मी तिला तरी सांगायला हवं होतं. तिलाही सांगितलं नाही.

मी ठणठणीत आहे असं पहिल्या पत्रात लिहिलंय, ते खरं नाही. शरीर बरं आहे. पण दिवसभर मी कुणाशी बोलत नाही. रोज रस्त्यापर्यंत जातो ते ट्रॅफिक बघायला नाही, तिथे माणसं असतात म्हणून जातो. घरात टीव्ही लावून ठेवतो आणि त्याच्याकडे पाठ करून बसतो. फार एकटं वाटतं, नीरजा. ही तुला शिक्षा म्हणून लिहीत नाही. तू विचारलंस तर खरं सांगता यावं म्हणून आधीच लिहून ठेवतो.

माफी मागतो. बापाने मागायची नसते असं माझ्या वडिलांनी शिकवलं होतं आणि त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. त्यांच्या तेराव्यालाही मी कोरडाच होतो, आत्ता लिहिताना आठवलं.

येणं जमणार नसेल तर येऊ नकोस. फोन करायचा नसेल तर करू नकोस. मी उत्तराची वाट पाहणार नाही, असं लिहून हे पत्र संपवायचं ठरवलं होतं, म्हणजे तुझ्यावर ओझं नको. पण तुझ्याशी आणखी एक खोटं बोलणं आता होणार नाही.

वाट पाहतोय.

बाबा